अपडेट केलं आणि सर्व्हर 'गेला'!

गेल्या सेमिस्टरला आमच्या फेस्टच्या रजिस्ट्रेशनचा सर्व्हर शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्रीच बंद पडला. व्हायरस नाही, हॅकर नाही. मीच डेबियनचा अपग्रेड टाकला, रिबूट दिला आणि झालं... एसएसएच लागेचना!

कारण अगदी एका ओळीचं होतं. सीनियर्सनी बसवलेल्या त्या व्हर्च्युअल सर्व्हरवर नेटवर्क कार्डाचं नाव होतं 'ईटीएच-झीरो'. अपग्रेडनंतर ते झालं 'ईएनएस-थ्री'. कॉन्फिग फाइल मात्र जुन्याच नावाने हाका मारत बसली! नावांची ही पद्धत सिस्टिम-डीने २०१३ सालीच आणली. जुनी नावं टिकवणारी युडेव्हची फाइल आता अधिकृतपणे सपोर्टेड नाही, हेही २०१९ च्या डेबियन १० च्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय. पण वाचतो कोण?

यावर हॉस्टेलचं लाडकं मत म्हणजे, "चालतंय ना? मग हात लावू नकोस!" मला हे साफ नामंजूर आहे. अपडेट न केलेला सर्व्हर म्हणजे कुलूप न लावलेली रूम. शिवाय जितकं टाळाल, तितकी पुढची उडी मोठी. दोष अपडेटचा नाही, आपल्या आळसाचा आहे.

करायचं तरी किती असतं? आधी स्नॅपशॉट घ्या. आयपी, गेटवे, डीएनएस कागदावर उतरवा. कार्डाचं नाव मॅक अ‍ॅड्रेसशी बांधून टाका. उबुंटूवर नेटवर्क बदलताना 'नेटप्लॅन अप्लाय'ऐवजी 'नेटप्लॅन ट्राय' द्या; १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही, तर तो स्वतःच जुन्या सेटिंगवर परत येतो. आणि होस्टिंगच्या पॅनेलमधला कन्सोल आधीच उघडून बघा. तिथे एसएसएचची की चालत नाही, पासवर्ड लागतो. तो मला माहीतच नव्हता! ज्याला माहीत होता तो सीनियर पुण्यात नोकरीला. त्याने फोन उचलला सकाळी सात वाजता. दुरुस्ती झाली पाच मिनिटांत, रात्र मात्र गेली.

म्हणून ज्युनियर्सना सर्व्हर सोपवताना नुसता "ऑल द बेस्ट" देऊ नका. सोबत एक वही द्या, सगळं लिहिलेली. आमची मी आता लिहायला घेतली आहे.