जखमेलाही निचरा हवा



गळीत हंगाम सुरू झाला की तोडीचा कार्यक्रम, टोळ्यांची वाटणी आणि गाड्यांचा खोळंबा यांवर आम्ही शेतकी खात्याची मंडळी या पानांतून लिहीत असतो. या वेळी मात्र उसावर नाही, माणसाच्या पायावर लिहायचे आहे.

कोयता निसटून नडगीवर बसतो. तोडलेल्या उसाचा बुडखा टाचेत घुसतो. गाडी भरताना बोट चेंगरते. असल्या जखमा दर हंगामात होतात आणि बहुतेक बऱ्याही होतात. पण काही चिघळतात. मग आधी बोट जाते, पुढे पाऊल जाते, कधी गुडघ्याखालचा पायच काढावा लागतो. पाय गेलेल्या तोडणी कामगाराला कोयता धरता येत नाही, आणि पाय गेलेल्या सभासदाला रात्रीची पाण्याची पाळी धरता येत नाही.

अलीकडे गावोगाव 'व्हॅक्यूमच्या मशीन'ची चर्चा ऐकू येते. कोणी म्हणतो, हे यंत्र लावले की पाय वाचलाच. कोणी म्हणतो, बिल वाढवायचा नवा धंदा आहे. कारखान्याने असे एक यंत्र विकत घ्यावे, अशीही सूचना होते. आम्ही काही डॉक्टर नाही. पण जाणकारांना विचारून आणि वाचून आमचे एक मत बनले आहे, ते सभासदांपुढे ठेवतो.

यंत्राची गोष्ट शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. पाणथळ रानात पाणी साचले की मुळीला हवा मिळत नाही, मुळी कुजते. मग तुम्ही युरिया कितीही टाका, ऊस पिवळा तो पिवळाच. तिथे आधी चर काढावा लागतो. चिघळलेल्या जखमेचेही तसेच आहे. तिच्यात पाझर साचतो, भोवती सूज येते, सुजेने रक्ताच्या बारीक वाहिन्या दबतात. रक्त नीट पोचत नाही म्हणून औषधही नीट पोचत नाही, आणि जंतूंना मात्र ओल आयतीच मिळते. हे यंत्र म्हणजे त्या जखमेला काढलेला चर.

त्याची रीत अशी. शस्त्रक्रियेने जखमेतले मेलेले, सडलेले मांस आधी काढून टाकतात. मग बारीक छिद्रांचा निर्जंतुक फोम जखमेच्या आकाराचा कापून आत बसवतात. वरून चिकटणारा पारदर्शक पडदा लावून जखम हवाबंद करतात. पडद्याला भोक पाडून नळी जोडतात आणि नळीचे दुसरे टोक पंपाला. पंप हळूहळू ओढत राहतो आणि पाझर बाटलीत जमा होतो. सूज उतरते, जखमेच्या कडा आत ओढल्या जातात, तळातून लाल नवे मांस भरू लागते. जंतूंचा जोर जास्त असेल तर मधून मधून औषधी द्रव आत सोडून पुन्हा ओढून घेण्याचीही पद्धत आहे.

ओढ किती, तर नेहमीचे माप १२५ मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे ५ इंच. आपल्या कारखान्यात साखरेच्या पॅनला २५ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम असतो. त्याच्या पाचवा हिस्सा झाला. तेवढ्यानेच काम होते, जास्त ओढले म्हणजे जास्त गुण असे नाही. आणि पडद्याची एक कड जरी सुटली तरी यंत्र नुसतेच घरघरत राहते. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की काय होते, ते आपल्याला सांगायला नकोच.

जर्मनीत फ्लाइशमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली उघड्या हाडमोडीच्या जखमांवर ही रीत वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या अर्जेंटा आणि मोरिक्वास यांनी १९९७ साली आपले निष्कर्ष छापले आणि ती जगभर गेली. आपल्याकडेही अनेक रुग्णालयांत ती होते. जिथे तयार यंत्र परवडत नाही तिथे शल्यचिकित्सक भिंतीवरच्या सक्शनला निर्जंतुक फोम आणि साधी नळी जोडून काम भागवतात. पण ते त्यांच्या देखरेखीखाली. ऐकून घेऊन कोणी घरी पंप जोडायला जाऊ नये.

आता गुण किती येतो ते पाहू. मधुमेहामुळे पावलाचा काही भाग काढावा लागलेल्या १६२ रुग्णांची अमेरिकेतील पाहणी २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. १६ आठवड्यांत यंत्र लावलेल्यांपैकी शेकडा ५६ जणांची जखम भरली, नेहमीचे ड्रेसिंग केलेल्यांपैकी शेकडा ३९ जणांची. फरक आहे आणि तो चांगला आहे. पण यंत्र लावूनही शेकडा ४४ जणांची जखम त्या मुदतीत भरली नाही, हेही त्याच हिशेबात लिहिलेले आहे. उलट ब्रिटनमध्ये पायाच्या मोठ्या उघड्या हाडमोडीच्या ४६० रुग्णांची पाहणी २०१८ साली छापली गेली. तिथे यंत्राने जंतुसंसर्ग कमी झाला नाही आणि वर्षाअखेर अपंगत्वही कमी झाले नाही. सगळ्या रानांना एकच खत लागू पडत नाही, तसेच हे.

धोकेही आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ आणि २०११ साली या यंत्रांबाबत जाहीर इशारे दिले, त्यांत १२ मृत्यूंची नोंद होती. सर्वांत गंभीर कारण रक्तस्राव. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने ती आधी सांगितलीच पाहिजे. रक्तवाहिनी उघडी पडली असेल, काळी पडलेली मेलेली कातडी काढलेली नसेल, हाडाला लागलेल्या जंतूंवर इलाज झालेला नसेल, तर हे यंत्र लावायचे नसते. फोम साधारण दोन-तीन दिवसांनी बदलतात, जंतूंच्या जखमेत त्याहून लवकर. त्याचा एखादा तुकडा आत राहिला तरी जखम पुन्हा चिघळते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. यंत्र बंद पडून दोन तासांहून जास्त वेळ गेला तर फोम काढून साधे ड्रेसिंग करावे लागते. नाहीतर हवाबंद जखमेत पाझर कोंडतो. म्हणजे चर बुजवून रानाला पाणी सोडल्यासारखेच. तेव्हा यंत्राला बॅटरी आहे का, वीज गेल्यावर रुग्णालयात जनरेटर चालतो का, रात्री कोण बघतो, हे नातेवाइकांनी बेलाशक विचारावे.

यावरून आमचे मत असे की यंत्राचा नंबर शेवटी लागतो, त्याच्या आधीची कामे आपल्या हातात आहेत. जखम झाली की लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने झाका, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. तंबाखू, चुना, शेण, राख, ट्रॅक्टरचे काळे ऑइल यांतले काहीही जखमेवर नको. लाली वर चढू लागली, घाण वास आला, ताप भरला किंवा कातडी काळवंडली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा.

मधुमेह असलेल्यांना तर विशेष सांगणे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे, त्यात खेड्यातलेही आलेच. पाय बधिर होतो, काटा मोडला तरी कळत नाही. रोज रात्री तळपाय बघायचा, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी बघायचा. साखर आटोक्यात नसेल तर जगातले कोणतेही यंत्र जखम भरून देणार नाही.

आता जरा अवघड बोलतो. सभासद निदान घरचे वाहन काढून दवाखान्यात जाऊ शकतो. तोडणी कामगाराचे काय? नवरा-बायकोचा एक कोयता, डोक्यावर उचल, आणि न आल्या दिवसाचा खाडा. त्याने पायाला चिंधी गुंडाळून फडात उतरणे हा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे. त्याला डॉक्टरांनी दोन-तीन आठवडे नळी लावून पडून राहा म्हटले, तर तो कोणत्या पैशावर पडून राहणार? यंत्र रुग्णालयात आहे आणि पाय फडात सडतो आहे, असे चित्र असेल तर यंत्राचा काय उपयोग? आपला ऊस त्याच पायांवर गाडीत चढतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून संचालक मंडळाने आणि वार्षिक सर्वसाधारण सभेने तीन गोष्टींचा विचार करावा, असे आम्हास वाटते. एक, प्रत्येक गट ऑफिसात जखम धुण्याची व झाकण्याची सोय असावी, आणि फडातल्या जखमेची नोंद होऊन त्याच दिवशी जखमी माणसाला दवाखान्यात पोचवण्यासाठी वाहन मिळावे. दोन, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या विश्रांतीचा खाडा कामगाराला लागू नये, तेवढी भरपाई कारखान्याने करावी. तीन, यंत्र विकत घेऊन कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा, जिथे शल्यचिकित्सक, यंत्र आणि जनरेटर तिन्ही आहेत अशा जवळच्या रुग्णालयाशी हंगामापूर्वी बोलून ठेवावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. खर्च योजनेत बसतो का, ते दाखल होतानाच त्याला विचारावे.

हा खर्च शेवटी आपल्याच उसाच्या बिलातून जाणार, हे आम्ही जाणतो. सभासदांनी तरीही तो मंजूर करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बांधावरचा चर आपण पाऊस पडायच्या आत काढतो. माणसाच्या पायाचीही तजवीज तशीच आधी व्हायला हवी.