कृपा म्हणजे ग्रेसचे गुण नव्हेत

आम्हा शिक्षकांच्या तोंडी 'ग्रेस' हा शब्द फार. उत्तीर्ण व्हायला 35 गुण हवेत, पोराला 32 पडले, तर नियमात बसवून तीन गुण द्यायचे आणि त्याला वर काढायचे. पण 11 गुण मिळवणाऱ्याला ग्रेस नाही. आधी स्वतः काठापर्यंत पोहोचावे लागते.

ख्रिस्ती तारणाबद्दल पुष्कळांची समजूत अशीच असते, अगदी आम्हा ख्रिस्ती माणसांचीही. प्रार्थना, दानधर्म, सचोटी यांतून जमतील तितके गुण आपण मिळवायचे; कमी पडतील ते देव भरून काढील. मला ही समजूत चुकीची वाटते. प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात माणसाच्या खात्यावर एकही गुण मांडलेला नाही. तारण हे संपूर्ण दान आहे. विश्वास हीसुद्धा आपली कमाई नव्हे, तो दान घ्यायला पुढे केलेला रिकामा हात.

याचे आपल्या मातीतले उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करण्यात आणि पुराणे सांगण्यात गेले. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगले. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले आहे. एवढी विदुषी, एवढी कष्टाळू बाई, पण तिलाही रिकामा हात पुढे करणे सोपे गेले नाही!

कोणी विचारील, सारे फुकटच मिळणार तर चांगले वागायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. पौल त्याच अध्यायात सत्कृत्यांचाही उल्लेख करतो, पण तारणानंतर. झाडाला फळे येतात ती झाड जिवंत असल्याची खूण. फळे बांधून कोणी वाळके झाड जिवंत करीत नाही. रमाबाईंकडेच पाहा. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुलींना आणून आसरा दिला, केडगावला मुक्ती मिशन उभे केले, आणि 1922 साली निधन होईपर्यंत मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत राहिल्या. तारण कष्टाने मिळत नाही अशी खात्री पटलेल्या बाईचे हे कष्ट!

हा वाद केवळ पंडितांचा नाही. माझ्या वयाची माणसे भेटतात, त्यांचे हिशेब अजून चालू असतात. आपण पुरेसे केले का? देवाला चालेल का? जन्मभर प्रामाणिक राहिलेली माणसे शेवटच्या आजारात धास्तावलेली मी पाहिली आहेत. ग्रेसच्या गुणांवर विसंबणाऱ्याला निकालाची भीती वाटणारच, कारण काठ कुठे आहे हे त्याला कधीच कळत नाही.

म्हणून आमच्या पाळकांना माझे सांगणे आहे, आजाऱ्याच्या उशाशी बसाल तेव्हा त्याच्या सत्कृत्यांची यादी वाचून त्याला धीर देऊ नका. त्या यादीत काय राहिले, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. त्याला सांगा, उत्तरपत्रिका तपासायची नाही, दान घ्यायचे आहे.