बँकेची नाडीपरीक्षा



ओवाळणीचे पैसे तुम्ही कुठे ठेवता? कुणी मातीच्या गल्ल्यात, तर कुणी गावातल्या सहकारी बँकेत. आजी-आजोबांची जन्मभराची पुंजीही पुष्कळदा तिथेच असते. शाखा घराजवळ, माणसं ओळखीची! पण ही बँक धडधाकट आहे की आतून आजारी, हे कसं ओळखायचं? चकचकीत काचांवरून? छे! 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण ठाऊक आहे ना?

बँकेची नाडी सापडते तिच्या वार्षिक अहवालात. सभासदांना सर्वसाधारण सभेआधी तो मिळतो आणि बहुतेक घरांत रद्दीत जातो. यंदा तो वाचवा आणि आत तीन गोष्टी शोधा.

पहिली, थकलेली कर्जे. तुमच्या-आमच्या ठेवींतूनच बँक कर्ज देते. हप्ता ९० दिवसांहून जास्त रखडला, की ते कर्ज साधारणपणे 'अनुत्पादक', म्हणजेच 'एनपीए' ठरते. समजा, एकूण कर्जे ५० कोटी आणि थकलेली २ कोटी. शेकडेवारी काढा पाहू! आली ना ४ टक्के? आता मागच्या दोन वर्षांचीही काढा. आकडा दरवर्षी चढत असेल, तर ताप वाढतो आहे असं समजा.

दुसरी, बँकेचे स्वतःचे पैसे. सभासदांचे भाग आणि साठवलेला नफा म्हणजे बँकेचं भांडवल. कर्ज बुडालं, तर पहिला फटका या पैशांना बसतो. ते संपले, की पाळी ठेवीदारांची! म्हणून जोखमीच्या दर १०० रुपयांमागे निदान ९ रुपये तरी स्वतःचे हवेत. मोठ्या बँकांना त्याहून जास्त. अहवालात याला 'भांडवल पर्याप्तता' म्हणतात. शब्द अवघड आहे, पण अर्थ सोपा, नाही का?

तिसरी, कर्ज कुणाकुणाला दिलं आहे? शंभर जणांना थोडं थोडं दिलं असेल, तर एक-दोघे बुडाले तरी बँक तरते. सगळं एकालाच दिलं, तर तो बुडताच बँकही बुडते.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं असंच झालं. मार्च २०१९ च्या हिशेबात तिची थकबाकी ४ टक्क्यांच्या आत दिसत होती. प्रत्यक्षात ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकलं होतं आणि ते लपवलं गेलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त १००० रुपये काढता येत होते! कुणाचं औषधपाणी अडलं, कुणाची फी. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली.

म्हणजे छापलेला आकडाही खोटा असू शकतो, बरं का! म्हणून प्रश्न विचारायचे. सहकारी बँकेचे मालक सभासदच असतात. सभेत विचारणं हा त्यांचा हक्कच आहे. 'सर्वांत मोठ्या कर्जदारांकडे मिळून किती कर्ज आहे?' एवढा एकच प्रश्न विचारला, तरी पुष्कळ कळतं. इतरांपेक्षा फारच जास्त व्याज मिळत असेल, तर तेही का, हे विचारावं.

पालकहो, एक गोष्ट तुमच्यासाठी. बँक बुडाली, तर ठेव विम्यातून प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच रक्कम मिळते. २०२० च्या फेब्रुवारीपूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थांना मात्र हा विमा नाही. पाटीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था', ते नीट वाचा.

तर मुलांनो, या रविवारी आई-बाबांना सांगून अहवाल शोधा. पेन्सिल घ्या आणि तीन वर्षांची टक्केवारी एकाखाली एक मांडा. शेकडेवारीचा सराव होईल आणि आजीच्या पुंजीवर पहाराही बसेल. मग, कराल ना एवढं?