रक्तार्बुद, केमोथेरपी आणि कामला

रक्तार्बुदाचा रुग्ण कामला घेऊन आला की आपला हात आरोग्यवर्धिनीकडे जातो. आमच्या मते तो तेथेच थांबावा आणि रक्तरोगतज्ज्ञास त्याच दिवशी कळवावे. रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने व्याधिक्षमत्व क्षीण होताच यकृतात दबून राहिलेला हिपॅटायटिस-बी विषाणू उसळू शकतो. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असणाऱ्यांतही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये तसा चौकटीतील इशारा दिला. म्हणून केमोथेरपीपूर्वी दोन्ही तपासण्या, आणि जरूर तेथे एन्टेकॅव्हिर वा टेनोफोव्हिर. रिटुक्सिमॅब संपल्यावरही ही गोळी किमान १२ महिने चालवावी लागते. ‘यकृतावर भार नको’ म्हणून ती बंद करविणे ही आयुर्वेदाची सेवा नव्हे. फार्मसीचालकांनीही यकृताचे टॉनिक मागणाऱ्यास केमोथेरपीविषयी अवश्य विचारावे.