संगणकाशी गट्टी : बॉस, दऱ्या आणि दर्या



आमच्या चौथीतल्या एका मुलीने भित्तिपत्रकासाठी ‘माझं गाव’ या विषयावर छान लिहिलं होतं. वहीत तिचं वाक्य होतं, ‘आमच्या गावामागे खोल दऱ्या आहेत.’ मी ते घरी संगणकावर टाइप केलं, छापलं आणि शाळेच्या भिंतीवर लावलं. दुसऱ्या दिवशी तिसरीतला एक मुलगा भिंतीपाशी उभा राहून मोठ्यानं वाचत होता. मला बघून म्हणाला, “बाई, दर्या म्हणजे समुद्र ना? मग हिच्या गावामागे समुद्र कधी आला?”

शहापूर तालुक्यात समुद्र! भातसा आहे, तानसा आहे, मुंबईकर आमचंच पाणी पितात. पण समुद्र काही नाही. चूक माझी होती. मी ‘दऱ्या’ लिहायला गेले आणि पडद्यावर उमटलं ‘दर्या’. रफार डोक्यावर चढला की त्याचा समुद्र होतो, आणि तोच र ‘य’च्या डाव्या अंगाला चिकटला की डोंगरातली दरी होते. ‘आचार्यांना जेवायला बोलावलं’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलावलं’ ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचून बघा. पहिल्यात पंक्तीला गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. अशी जोडी आपल्या मराठीत आहे, आणि मला ती संगणकावर लिहिता येत नव्हती. एवढी डीएड झालेली बाई मी!

त्याच सुमारास शाळेपुढे दुसरा प्रश्न आला. आमच्या शाळेत एक संगणक आहे, एका भल्या माणसानं त्याच्या कचेरीतला जुना दिलेला. त्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मोफत डागडुजी कंपनीने थांबवली आणि विंडोज ११ला आमचं हे जुनं यंत्र चालत नाही. “बाई, भंगारवाल्याला देऊन टाका,” असं एक जण म्हणालेही. पण यंत्र तर धडधाकट होतं, नुसता त्याच्या आतला कारभारी म्हातारा झाला होता. मग कारभारीच बदलला तर?

कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बरं का. तुम्ही कळ दाबली की ती पडद्यापर्यंत पोचवणं, फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवणं, प्रिंटरला कामाला लावणं ही सगळी कामं तिची. विंडोज ही एक. लिनक्स ही दुसरी. १९९१मध्ये फिनलंड देशात लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या कॉलेजातल्या मुलाने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. पण नुसत्या गाभ्याने काम भागत नाही. जेवायला नुसता भात वाढून कसं चालेल? वरण हवं, भाजी हवी, लोणच्याची फोड हवी. गाभ्याभोवती लिहायचा, चित्रं काढायचा, गणितं करायचा असे सगळे कार्यक्रम मांडून जे पूर्ण ताट तयार होतं, त्याला वितरण म्हणतात. अशी ताटं जगात शेकडो आहेत. आपल्या देशातलं एक ताट म्हणजे ‘बॉस’. बॉस म्हणजे साहेब नव्हे हं! भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. ते बनवलं सी-डॅक या सरकारी संस्थेने. सी-डॅकची सुरुवात १९८८मध्ये आपल्या पुण्यात झाली. बॉसचं काम मात्र तिच्या चेन्नईच्या केंद्रात झालं आणि पहिली आवृत्ती २००७च्या जानेवारीत आली. त्यात मराठीसह आपल्या देशातल्या बऱ्याच भाषा आहेत. शाळांसाठी एज्युबॉस नावाचं त्याचं भावंडही आहे.

पुढे आवृत्त्या येत गेल्या. तेजस, अनोखा, दृष्टी, उन्नती, ऊर्जा आणि दहावी प्रज्ञा. नावं कशी बारशाला ठेवावीत तशी! बॉस ज्या मोठ्या वितरणावरून बेतलंय, त्या डेबियनमधली नावं तर आणखी गमतीची. ‘टॉय स्टोरी’ सिनेमा पाहिलाय ना? डेबियनच्या आवृत्त्यांना त्यातल्या खेळण्यांची नावं देतात. बझ, वुडी, जेसी, बुलझाय. जून २०२३मध्ये आली ती बुकवर्म, ऑगस्ट २०२५मध्ये आली ती ट्रिक्सी. आणि जी कायम अर्धवट, मोडतोड चाललेली असते, तिचं नाव सिड. सिनेमात खेळणी मोडणारा तो द्वाड मुलगा आठवतो ना, तोच.

मी एका रात्री घरी बॉस उतरवून घेतलं. आमच्या पाड्यावर मोबाइलची रेंज झाडाखाली उभं राहिलं तरच मिळते, म्हणून शहापुरातल्या घरी. पेनड्राइव्हवर घेतलं आणि वर्गात सांगितलं की ही एकच प्रत आपण हव्या तितक्या संगणकांवर घालू शकतो आणि मुरबाडच्या शाळेलाही देऊ शकतो. लगेच मागच्या बाकावरून हात वर. “बाई, ही चोरी नाही का? तुम्हीच सांगितलं होतं, सिनेमाची कॉपी करायची नाही.”

प्रश्न बरोबर होता. तुमच्या घरी भात लावत असतील तर उत्तर लगेच कळेल. माझे आजोबा झोडणी झाली की चांगल्या लोंब्यांचं भात बाजूला काढून ठेवायचे, पुढच्या वर्षी राबात पेरायला. शेजाऱ्याला हवं असलं तर पायलीभर द्यायचे. काही बियाणं मात्र दर वर्षी पिशवी विकत आणूनच पेरावं लागतं. लिनक्स हे घरच्या बियाण्यासारखं आहे. ज्यांनी ते बनवलं त्यांनीच लिहून दिलंय की वापरा, वाटा, आत काय आहे ते उघडून बघा, हवं तर बदला. अट एवढीच की बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर तोच हक्क त्यालाही द्यायचा. म्हणून ही चोरी नव्हे.

आता माझा गाढवपणा सांगते, कारण तुम्ही तो करू नये. नवी सिस्टिम घालताना संगणक विचारतो, सगळी डिस्क वापरू का? मी घाईत ‘हो’ म्हटलं. त्या डिस्कवर शाळेचे तीन वर्षांचे फोटो होते. स्नेहसंमेलन, माहुलीची सहल, आजी-आजोबा मेळावा. सगळे गेले. मुलांना सांगताना माझा आवाज नीट फुटेना. एका मुलाची आजी त्या मेळाव्यात ओव्या म्हणायला आली होती. आजी नंतर वारली, आणि त्याच्या घरी तिचा एकही फोटो नाही. तो रडला नाही, भांडलाही नाही. नुसतं विचारलं, “बाई, कचरापेटीत पण नाही का?” नव्हता. पुढे एका पालकांच्या मोबाइलमध्ये मेळाव्याचा एक फोटो सापडला. त्यात आजी आहे, पण कडेला, अर्धीच. तो मी छापून त्याला दिला. तेव्हा आधी सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे, मग बाकीचं काम!

(पालकांनो, तुमच्यासाठी थोडं. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं; तेव्हा डिस्कला हात लागत नाही. आवाज, इंटरनेट, प्रिंटर चालतोय का ते तिथेच कळतं. काही कार्यक्रम फक्त विंडोजसाठीच बनलेले असतात, ते इथे चालतीलच असं नाही. घरातला एकुलता एक संगणक असेल तर नीट विचार करून ठरवा.)

तर बॉस सुरू झालं. भाषा मराठी निवडली, इनस्क्रिप्ट कळफलक निवडला. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आता ‘दऱ्या’ लिहायचंय? ओ ही कळ दाबा, द आला. मग शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, शेवटी ई. आली दरी! शिफ्ट न धरता नुसतं जे दाबलंत की आला समुद्र. एवढाच काय तो फरक. (खरं सांगायचं तर हा कळफलक विंडोजमध्येही होता. मलाच ठाऊक नव्हता. बाईंनाही गृहपाठ करावा लागतो.)

पण पडद्याकडे बघून मुलं गोंधळली. एक ओळ मराठीत, खालच्या दोन इंग्रजीत, पुन्हा एक मराठीत. असं का? तर नवी आवृत्ती येते तेव्हा तिच्यात नव्या सोयी येतात आणि त्यांच्याबरोबर नवी वाक्यं. ती मुळात इंग्रजीत असतात. कुणीतरी बसून त्यांचं मराठी केलं तर मराठी दिसतं. कुणी केलं नाही तर इंग्रजी तसंच राहतं. हे काम करणारे पुष्कळसे लोक हौसेने, आपलं पोटापाण्याचं काम सांभाळून करतात. मराठीसाठी असे हात फार थोडे आहेत. म्हणजे आवृत्ती पुढे गेली आणि भाषा मागे राहिली, असं होऊ शकतं.

अक्षरांचंही तसंच. ‘ॲप’मधला ॲ बघा. जगातल्या सगळ्या लिप्यांना संगणकात क्रमांक देणारी युनिकोड नावाची यादी १९९१मध्ये आली, पण तिच्यात या ॲला स्वतःची जागा मिळाली २००८मध्ये. तोवर अ आणि चंद्र यांची जोडाजोड करून भागवावं लागे.

आमच्या वर्गात मग खेळच सुरू झाला. पडद्यावर ‘पूर्ववत करा’ असं होतं. शेवटची चूक पुसून आधीसारखं करायची आज्ञा. तिसरीच्या मुलांना ते वाचताही येईना. मी म्हटलं, तुम्ही काय म्हणाल? कुणी म्हणालं ‘मागे फिर’, कुणी ‘खोडा’. एका मुलीची आई गोधड्या शिवते. ती म्हणाली, “बाई, टाका चुकला की आई उसवते. ‘उसवा’ म्हणा ना.” उसवा! शेवटचा टाका तेवढा निघतो, गोधडी शाबूत राहते. मला तरी ‘पूर्ववत’पेक्षा शंभर पटीने आवडला. ‘कचरापेटी’ला एकाने ‘उकिरडा’ सुचवलं. त्यावर मात्र वर्गात दोन तट पडले. उकिरड्यातलं परत मिळतं का? मिळतं, पण खत होऊन!

पेनड्राइव्ह घेऊन मी किन्हवली मार्गे सरळगावला गेले. माझी डीएडची मैत्रीण पलीकडे मुरबाड तालुक्यात शिकवते. तिच्या शाळेतलं यंत्र आमच्याहून म्हातारं, ३२ बिटचं. वर्गात हजेरी क्रमांक दोनच आकड्यांत लिहायचा ठरलं तर ९९च्या पुढचा मुलगा लिहिता येणार नाही, हो ना? तसं ३२ बिटचं यंत्र साधारण ४२९ कोटींपर्यंतच जागा मोजतं. आजचे कार्यक्रम त्याहून मोठी जागा मागतात. म्हणून डेबियनने ट्रिक्सीपासून अशा यंत्रांवर नव्याने घालायची सोय काढून टाकली. मैत्रिणीचा चेहरा उतरला. मग आम्ही आधीची बुकवर्म घातली, फोटोंची प्रत आधी काढून! बुकवर्मची डागडुजी जून २०२८पर्यंत चालणार आहे. तोवर तिची आत्ता दुसरीत असलेली मुलं चौथी होऊन बाहेर पडतील.

‘उसवा’ हा शब्द आम्ही मराठी अनुवाद करणाऱ्यांकडे पाठवायचा ठरवलाय. घेतील की नाही, बघू. तोवर तुम्ही तीन शब्द शोधा. संगणक गोठून जागचा हलत नाही, त्याला काय म्हणाल? दोन फाइली एकत्र करायच्या, त्याला काय? आणि ‘थांबा, काम चालू आहे’ हे तुमच्या घरी कसं म्हणतात? आजीला विचारलंत तर आणखी बरं. आणि हो, इनस्क्रिप्टमध्ये ‘शहापूर’ लिहायला शिफ्ट एकदाच लागते, ‘मुरबाड’ला एकदाही नाही. कोणत्या अक्षरासाठी लागते, तेही लिहून पाठवा. पत्ता नेहमीचाच.

तुमची,
बाई