घर आणि गड



मुळशी तालुक्यातील एकोले गावामागे उभा असलेला घनगड आकाराने लहानच आहे. झाडीतील गारजाई देवीच्या मंदिरावरून वाट चढत जाते. दरवाजा ओलांडल्यावर उभा कातळ आडवा येतो. आज तेथे लोखंडी शिडी आहे आणि तिच्यावरून एका वेळी एकानेच चढावे लागते. मूठभर शिबंदीने मोठी फौज थोपवावी, अशी ही जागा. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. माथ्यावरून सुधागड दिसतो, तैलबैलाच्या दोन भिंती दिसतात. कोकणातून सवाष्णी घाटाने येणाऱ्या वाटेवर नजर ठेवणे, हे या गडाचे काम. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने या परिसरातील किल्ले घेतले आणि ते काम संपले.

हा गड पाहताना मनात एक प्रश्न येतो. पहारा गडावर होता. मग ज्यांच्यासाठी पहारा, त्यांची घरे कोठे होती?

आयर्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर वेगळे मिळते. तेथील पंधराव्या-सोळाव्या शतकांतील सरदारांनी घर आणि गड एकाच दगडी मनोऱ्यात बांधले. डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अंमलाखालील प्रदेशात १४२९ मध्ये, सहाव्या हेन्रीच्या काळी, २० फूट लांब, १६ फूट रुंद व ४० फूट उंच मनोरा बांधणाऱ्यास १० पौंड देण्याचे ठरले होते. तळमजल्यावर कोठार, भिंतीच्या जाडीत चक्राकार जिना, दरवाजावरच्या छतात शत्रूवर मारा करण्यासाठी छिद्र. आणि सर्वांत वर कुटुंबाचे दालन. खाली अरुंद फटी, वर मात्र रुंद खिडक्या. भोवतालच्या तटबंद आवारात गुरे सुरक्षित राहत. आपल्याकडील गढीशी नाते सांगणारी ही रचना आहे. भिंत टिकली, म्हणून तिच्या पोटातील घरही टिकले. आज त्या ओसाड मनोऱ्यातही चूल कोठे होती, हे दाखवता येते.

मावळात मात्र गड डोंगरावर राहिला आणि घर खोऱ्यात. मुळा नदीच्या खोऱ्यातील ती घरे माती-लाकडाची, भातखाचरांच्या कडेची. शत्रूच्या फौजा येऊन गेल्या, तरी गावे पुन्हा वसत. पुढे विजेसाठी टाटांचे मुळशी धरण आले. त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले. तरीही धरण पूर्ण झाले आणि कित्येक गावे जलाशयाखाली गेली. मुंबईत दिवे लागले, खोऱ्यातल्या चुली विझल्या.

म्हणून आज घनगडाचा दरवाजा आपण पाहू शकतो. खोऱ्यातील घराचा उंबरठा पाहू शकत नाही. दगडाने पहारा जपला. ज्यांच्यासाठी तो पहारा होता, त्यांचा संसार जपण्याचे काम आता केवळ स्मरणाकडे उरले आहे.

आपल्यापैकी कोणाचे आजोळ मुळशी-पौड परिसरात असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांजवळ एक संध्याकाळ बसावे. बुडालेल्या गावाचे नाव, घराचे तोंड कोणत्या दिशेला होते, पाणवठा कोठे होता, शेजारी कोण राहत, हे विचारावे आणि वहीत उतरवून ठेवावे. गड पाहायला पुढच्या वर्षीही जाता येईल. सांगणारी माणसे मात्र तोवर असतीलच, असे नाही.