हेडफोन जॅक वार्धक्याने मेला नाही : एका बिनमालकीच्या छिद्राचा इतिहास

#थ्रेड

१/ ७ सप्टेंबर २०१६. सॅन फ्रान्सिस्कोतील बिल ग्रॅहम सिव्हिक ऑडिटोरियम. ॲपलचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक काढून टाकल्याचे जाहीर केले आणि त्यामागची प्रेरणा एका शब्दात सांगितली : 'धैर्य'. त्या व्यासपीठावरून जॅकचे वय सांगितले गेले. त्याचा इतिहास मात्र सांगितला गेला नाही.

२/ तेव्हापासून एक कथा रूढ झाली आहे. जॅक जुना झाला होता, फ्लॉपी गेली तसा तोही गेला, आणि त्याच्यासाठी हळहळणारे केवळ स्मरणरंजनात रमलेले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही कथा मुकाट्याने स्वीकारण्याचे कारण नाही. जॅकला बाजूला सारण्यात आले, आणि त्याच्याबरोबर ग्राहकाचा कष्टाने मिळालेला एक हक्कही बाजूला सारला गेला.

३/ या वस्तूचा जन्म दूरध्वनी केंद्रातला. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यावसायिक दूरध्वनी केंद्र सुरू झाले. ग्राहक वाढले तशी एक तार दुसरीला झटपट जोडण्याची निकड वाढली. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील अभियंता चार्ल्स स्क्रिब्नर याने त्यासाठी केलेला स्विच घडीच्या चाकूसारखा, म्हणजे 'जॅकनाइफ'सारखा दिसे. 'जॅक' हे नाव त्यावरूनच पडले, असे सामान्यतः मानले जाते.

४/ पुढे स्विचबोर्डावर पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन स्थिरावली. तिच्या भागांना टिप, रिंग आणि स्लीव्ह अशी नावे मिळाली. टेलिफोनच्या कारागिरांच्या बोलीत तारांच्या जोडीला आजही 'टिप' आणि 'रिंग' म्हणतात. इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरला जोडणारी पिनही याच मापाची. मुंबईत १८८२ साली दूरध्वनी केंद्र सुरू झाले. स्वयंचलित यंत्रणा येईपर्यंत जगभर एका माणसाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचत असे तो ऑपरेटरच्या हातांनीच.

५/ परंतु ज्या दूरध्वनी जाळ्यात जॅक जन्मला, ते जाळे मोकळे नव्हते. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीची जवळपास मक्तेदारी होती. घरातला टेलिफोनही ग्राहकाचा नसे, तो कंपनीचाच असे आणि त्याचे भाडे भरावे लागे. त्या यंत्राला परकी वस्तू जोडण्यास नियमाने बंदी होती. कारण सांगितले जाई ते जाळ्याच्या सुरक्षिततेचे आणि दर्जाचे.

६/ ही बंदी किती टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे 'हश-अ-फोन'. बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून टेलिफोनच्या तोंडाशी बसवायचा हा एक साधा पेला. त्यात वीज नाही, तार नाही. तरीही एटी अँड टीने हरकत घेतली आणि दळणवळण आयोगाने कंपनीची बाजू उचलून धरली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. नुसत्या हाताची ओंजळ धरूनही जो परिणाम साधता येतो, तो पेल्याने साधण्यास मनाई कशासाठी, हा न्यायालयाचा रोख होता.

७/ दुसरा लढा टेक्सासमधील टॉमस कार्टर यांचा. त्यांचे 'कार्टरफोन' हे यंत्र दुर्गम तेलक्षेत्रातील माणसाच्या रेडिओला टेलिफोनशी जोडत असे, तेही विजेची थेट जोडणी न करता, टेलिफोनचा रिसीव्हर यंत्रावर ठेवून. १९६८ मध्ये आयोगाने निर्णय दिला : जाळ्याला अपाय होत नसेल, तर ग्राहकाला स्वतःचे उपकरण जोडता आले पाहिजे.

८/ या निर्णयाने वाट मोकळी झाली आणि तिच्यावरून उत्तरयंत्रे, फॅक्स आणि मोडेम घराघरांत शिरले. सामान्य माणसाचे इंटरनेट सुरुवातीला टेलिफोनच्या तारेवरून आले, कारण त्या तारेला काय जोडायचे हे ठरवण्याचा एकाधिकार एका कंपनीकडे उरला नव्हता. जोडणी खुली असेल, तर तिच्यातून पुढे काय निपजेल याचा अंदाज मालकालाही येत नाही. हे सूत्र ध्यानात ठेवून पुन्हा जॅककडे वळावे.

९/ ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात पिनेचे लहान रूप रुळले. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला. पहिल्या वॉकमनला ३.५ मिलिमीटरचे दोन जॅक होते, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावे अशी सोय होती. त्या काळातला चांगला राखलेला हेडफोन आज जॅक असलेल्या कोणत्याही लॅपटॉपला लावला, तर तो वाजतो. ना नोंदणी, ना सॉफ्टवेअर, ना परवानगी.

१०/ मोबाइलच्या जगात मात्र हे सहज घडले नाही. नोकियाचा पॉप-पोर्ट वेगळा, सोनी एरिक्सनचा फास्ट पोर्ट वेगळा. एकाचा हेडफोन दुसऱ्याला चालत नसे. २००७ च्या पहिल्या आयफोनला ३.५ मिलिमीटरचा जॅक होता, पण तो इतका खोल बसवला होता की बाजारातल्या बऱ्याच पिना त्यात नीट बसत नसत. लोकांनी कुरकुर केली आणि पुढच्याच मॉडेलमध्ये ते सुधारले गेले. खुला जॅक फोनमध्ये आला तो ग्राहकांच्या सोयीच्या रेट्याने.

११/ आणि कार्टरफोनचे सूत्र पुन्हा खरे ठरले. जॅक डॉर्सी व जिम मॅकेल्वी यांनी २००९ मध्ये स्थापन केलेल्या 'स्क्वेअर'ने कार्ड वाचणारा एक चिमुकला चौकोन बनवला. तो बसवायचा हेडफोनच्या छिद्रात. कार्डावरील चुंबकीय पट्टीची माहिती ध्वनिसंकेत बनून फोनमध्ये जाई. लहान दुकानदाराला कार्डाने पैसे घेता येऊ लागले ते गाणी ऐकण्यासाठी केलेल्या छिद्रातून.

१२/ आता जॅकविरोधी युक्तिवादांकडे पाहू. पहिला युक्तिवाद जागेचा. फोन आतून इंचाइंचाने भरलेला असतो, हे खरेच. पण आयफोन ७ उघडून पाहणाऱ्यांना जॅकच्या जागेजवळ प्लास्टिकचा एक तुकडा आढळला. तो वायुदाबमापकाशी संबंधित असल्याचा खुलासा कंपनीने केला. २०१७ मध्ये स्कॉटी ॲलन या अभियंत्याने शेन्झेनच्या बाजारातील सुटे भाग वापरून आयफोन ७ मध्ये चालता जॅक बसवून दाखवला. एकट्या माणसाला जे खटपटीने जमले, ते जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला अशक्य होते, असे मानणे कठीण आहे.

१३/ दुसरा युक्तिवाद पाण्याचा. छिद्र असले की पाणी शिरणार. आयफोन ७ ची पाणीरोधक श्रेणी होती आयपी६७. त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एस७ ची श्रेणी होती आयपी६८, म्हणजे त्याहून वरची. आणि एस७ ला हेडफोन जॅक होता. हा युक्तिवाद मांडला जाण्यापूर्वीच बाजारात खोटा ठरलेला होता.

१४/ तिसरा युक्तिवाद : जॅक ॲनालॉग आहे, भविष्य डिजिटल आहे. पण माणसाचा कान डिजिटल झालेला नाही. आकड्यांचे ध्वनीत रूपांतर कुठे ना कुठे करावेच लागते. पूर्वी ते फोनमध्ये होई. जॅक गेल्यावर ते अडॅप्टरच्या इवल्याशा टोकात किंवा कानातल्या बोंडात होऊ लागले. रूपांतर टळले नाही, फक्त त्याचे बिल ग्राहकाच्या नावावर स्वतंत्रपणे फाडले गेले.

१५/ आणि फ्लॉपी? १९९८ च्या आयमॅकमधून फ्लॉपी ड्राइव्ह वगळला गेला, हा दाखला नेहमी दिला जातो. दाखला योग्य आहे, पण तो उलट बाजूने साक्ष देतो. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी तेव्हाच्या फायलींना अपुरी पडू लागली होती. तिच्या जागी पुढे केलेला यूएसबी हा अनेक कंपन्यांनी मिळून घडवलेला मार्ग होता आणि तो कोणत्याही संगणकावर चाले. जॅक कोणत्या कामाला अपुरा पडत होता? ध्वनी त्याच्यातून स्वच्छ, विनाविलंब आणि बॅटरीविना जात होता.

१६/ बिनतारी हेडफोनची सोय खरी आहे. धावताना, लोकलच्या गर्दीत, स्वयंपाक करताना तार अडते. पण ही सोय मिळण्यासाठी जॅक जाण्याची गरज नव्हती. जॅक असलेल्या फोनमध्येही ब्लूटूथ वर्षानुवर्षे होतेच. ज्याला जे हवे ते त्याने वापरावे, अशी ती स्थिती होती. दोन पर्यायांतला एक काढून घेतल्यावर उरलेल्याच्या लोकप्रियतेचे आकडे दाखवणे, याला जनमताचा कौल म्हणत नाहीत.

१७/ काढले काय आणि दिले काय, याचा हिशेब पाहावा. त्याच मंचावर, त्याच दिवशी एअरपॉड्स जाहीर झाले. किंमत १५९ डॉलर. कंपनीच्याच तारेच्या इअरपॉड्सची किंमत तेव्हा २९ डॉलर होती. आयफोन ७ च्या खोक्यात अडॅप्टर मिळे. २०१८ पासून तोही खोक्यातून गेला, वेगळा घ्यायचा तर ९ डॉलर. २०२० च्या आयफोन १२ बरोबर तारेचे इअरपॉड्सही गेले.

१८/ पैशांहून मोठा मुद्दा मालकीचा. ३.५ मिलिमीटरच्या पिनेसाठी कोणालाही स्वामित्वशुल्क द्यावे लागत नव्हते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार आणि जपानमधला मोठा कारखाना त्या छिद्रापुढे समान होते. तिच्या जागी सुचवलेले लाइटनिंग मात्र ॲपलचे होते. त्यासाठी अधिकृत वस्तू बनवायची तर कंपनीचा परवाना हवा. एटी अँड टीचा जुना नियम नव्या कपड्यांत परत आला होता.

१९/ नियतीचा विनोद पुढेच आहे. युरोपीय संघाने एकसमान चार्जरचा कायदा केला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ बरोबर यूएसबी-सी आले. ज्या लाइटनिंगला २०१६ मध्ये ध्वनीचा उद्याचा मार्ग म्हणून पुढे केले होते, ते सात वर्षांत नव्या आयफोनमधून गेले. त्यासाठी घेतलेले हेडफोन आणि अडॅप्टर नव्या फोनला निरुपयोगी ठरले. 'कालबाह्य' पिन मात्र आजही जिथे जॅक आहे तिथे चालते.

२०/ इतर कंपन्यांचे वर्तन याहून उद्बोधक. ऑक्टोबर २०१६ मध्ये गूगलने पहिल्या पिक्सेलच्या जाहिरातीत जॅक शाबूत असल्याचे मिरवून ॲपलला चिमटा काढला. पुढच्याच वर्षी पिक्सेल २ मधून जॅक गेला. सॅमसंगने अडॅप्टरची खिल्ली उडवणाऱ्या जाहिराती केल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये गॅलेक्सी नोट १० मधून जॅक गेला. चेष्टेपासून अनुकरणापर्यंतचे अंतर एक-दोन वर्षांचे. यात तंत्राची अपरिहार्यता दिसत नाही. कानात घालायच्या वस्तूंची नवी बाजारपेठ मात्र स्पष्ट दिसते.

२१/ किंमत केवळ खिशाने मोजलेली नाही. तारेचा हेडफोन नादुरुस्त झाला तर पिन बदलता येते, तार डाग देऊन जोडता येते. एअरपॉड्सना दुरुस्तीयोग्यतेत आयफिक्सिटने १० पैकी शून्य गुण दिले. आतली इवलीशी बॅटरी डिंकाने बंदिस्त असते, ती थकली की वस्तूचे आयुष्य संपते. वीस वर्षे टिकणारी वस्तू काही वर्षांच्या वापराची झाली, आणि यालाच प्रगती म्हटले गेले.

२२/ भारताच्या दृष्टीने आणखी एक बाब. फोनमधील एफएम रेडिओसाठी हेडफोनची तार अँटेनाचे काम करते. डेटा नसला, टॉवर बंद पडला, तरी एफएम ऐकू येतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल उद्योगाला सूचना केली, ती एफएमची सोय फोनमध्ये चालू ठेवण्याविषयी. आपत्तीच्या काळातील उपयोग हे त्यामागचे एक कारण होते. महापुरात अडकलेल्या माणसाला महागड्या इअरबड्सपेक्षा ती साधी तार अधिक मोलाची.

२३/ जॅक खरोखर अशक्य झाला असता, तर तो सगळीकडून गेला असता. पण ॲपलने २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये तो ठेवलाच, शिवाय उच्च रोधाच्या हेडफोनसाठी अधिक सक्षम केला. ध्वनीवर काम करणाऱ्या व्यावसायिकांना तो लागतो, हे कंपनीला ठाऊक आहे. सोनीने २०२४ च्या एक्सपीरिया १ मालिकेतील फोनलाही जॅक दिला, पाणीरोधकतेसह. स्वस्त फोनमध्येही तो अनेक ठिकाणी टिकून आहे.

२४/ १९५६ मध्ये एका पेल्यासाठी आणि १९६८ मध्ये एका रेडिओसाठी जे भांडण झाले, ते या छिद्राचेच भांडण होते. पैसे देऊन घेतलेल्या यंत्राला काय जोडायचे, हे कोणी ठरवावे? तेव्हा ग्राहकाच्या बाजूने न्यायालय आणि आयोग उभे राहिले. २०१६ मध्ये मात्र दावा दाखल झालाच नाही, कारण बंदी घातलीच गेली नव्हती. फक्त छिद्र बुजवले गेले, आणि बुजवणाऱ्यांनी त्याला धैर्य म्हटले.

२५/ वस्तू जातात, जाव्यातही. पण कोणतीही वस्तू 'काळाच्या ओघात गेली' असे सांगितले गेले, की इतिहासाच्या अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत : ती कोणाच्या मालकीची होती, आणि तिच्या जागी आलेली वस्तू कोणाच्या मालकीची आहे? हेडफोन जॅकपुरते पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे 'कोणाच्याच नाही'. त्याच्या मृत्यूचे कारणही बहुधा तेच.

#इतिहास #तंत्रज्ञान #हेडफोनजॅक